उचंत

प्रतापनगर स्टेशनामागे, सायकलच्या दुकानावर
एक खोली. जिना इतका अरुंद
की वह्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन चढावं लागतं.
मार्च संपत आला की मी जाते.
सहा वर्षं झाली.
पहिल्या वर्षी वाटलं होतं, शिकवायला चाललेय.

"संस्थेत साहेब कोण?" मी विचारलं होतं.
जेमतीबेन राठवा हसल्या नाहीत.
खुर्ची पुसून माझ्यापुढे सरकवली,
स्वतः जमिनीवर बसल्या आणि किर्द उघडली.
आकडे गुजराती, टपोरे, चवळीच्या दाण्यांसारखे.
ठेकेदारानं बुडवलेली आणि सोडवून आणलेली
मजुरी, माणसागणिक, अंगठ्यासकट.
पोरींच्या वसतिगृहाचं तेल, साबण, मीठ.
खोडाखोड कुठेच नाही.
मी लाल पेन्सिल हातात धरून नुसती बसले.

मग व्हाउचर दोनशे अकरा.
दूध, रंग, मोहाची दारू, बडव्याचं मानधन:
चार हजार सहाशे चाळीस. पावती नाही.
"दारू?"
"रंगात घालतात, बेन.
लांबून येतात घोडे. तहानलेले असतात."

दिल्लीच्या देणगीदाराचा छापील तक्ता होता:
लाभार्थी. स्त्रिया किती, पुरुष किती, अठराच्या खालचे किती.
जेमतीबेननी पेन खाली ठेवलं.
"पोरगी तापातून उठली म्हणून नवस.
घरात माणसं नऊ. बैल दोन.
त्या रात्री मेलेले सगळे येतात.
जन्मायचे आहेत तेही.
कुठल्या रकान्यात लिहू?"

मी म्हटलं, उचंतीत टाका.
म्हणजे ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही
ते ठरेपर्यंत ठेवायची जागा.
वडिलांच्या पेढीवरचा शब्द. दांडिया बझारात
तो कळणारे आता चारच जण असतील,
त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.
जेमतीबेननी तो दोनदा म्हणून पाहिला
आणि वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला,
जिथे त्या म्हाताऱ्यांचे शब्द उतरवून घेतात.

पुढच्या माघात त्यांनी मला गावी नेलं.
भिंत पांढरी, ओलसर, कुमारिकांनी सारवलेली.
लखारे दिवसभर घोडे काढत होते,
शेजारी तीन शिकाऊ पोरं,
एकाच्या अंगात आयटीआयचा शर्ट.
रात्री खुमलाभाई बडवा भिंतीपुढे उभा राहिला,
एकेका घोड्याला तलवारीचं टोक लावी,
नाव घेई, थांबे, पुढे सरके.
भाषा मला येत नव्हती. तो थांबा मात्र ओळखीचा होता.
मेळ घालत होता तो.

पहाटे अडला. काही तरी पुटपुटला.
लखारा उठला, कुंचला बुडवला.
"काय झालं?"
"ताक घुसळणारी राहिली."
वाद नाही, सबब नाही.
तीस वर्षांत तूट अशी मान्य करणारा
मला एकही अशील भेटला नव्हता.

यंदा दिल्लीहून पत्र आलं: भिंतीचा खर्च अमान्य.
जेमतीबेननी ते घडी करून खिळ्याला टोचलं.
शनिवारी हाटात झोळी फिरवली.
सुट्टी नाणी, तुरीचे पैसे, एक फाटकी शंभराची:
तीन हजार नऊशे बारा.
उरलेले सातशे अठ्ठावीस मी पर्समधून काढले,
जरा घाईनं, कुणी पाहू नये तसे.

"पावती घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या.
माझं नाव गुजरातीत लिहिलं. कर्णिकचा रफार राहिला.
मी लाल पेन्सिल काढली नाही.
"कुठल्या खाती धरणार?"
खाली छोटा उदेपूरची गाडी लागत होती,
माणसं पाट्या, फावडी, पोरं घेऊन उतरत होती.
जेमतीबेननी माझ्याकडे नीट पाहिलं,
बराच वेळ, टोक कुठे लावावं असं.

"उचंत," म्हणाल्या.
"तुमचं अजून ठरलं नाही, बेन."