बटण सोडल्यावर

आमचा वर्ग नऊ खिडक्यांचा, बाई धरून दहा.
बेटंही जवळजवळ तेवढीच.
मधे समुद्र, आणि फेरोचा वारा,
जो कुणाचंच वाक्य पूर्ण ऐकून घेत नाही.

सोमवारी दुरिताबाईंनी विचारलं,
धुकं आधी कुठे उतरतं, पाण्यावर की डोंगरावर?
मी हात वर केला, पडद्यावरचा तो पिवळा हात,
आणि नाव पुकारायच्या आत बोलूनही टाकलं.
मग होग्नीची पाळी.
होग्नी फुग्लॉयचा,
तिथे शाळेच्या वयाचा तो एकटाच.
त्याची लाईन दोन सेकंद मागे चालते,
हे मला माहीत होतं.
तरी
उचललं बोट, लावलं पाटीला:
"झोपलास का रे?"

सात हसरे चेहरे टपाटप येऊन पडले.
त्यांच्याही मागून, धापा टाकत,
त्याचा आवाज पोचला:
"आमच्याकडून बघितलं तर…"
आणि तिथेच थांबला. वाचलं असणार त्याने.
खिडकी काळी झाली,
मधोमध नुसतं एक अक्षर: हो.
नावाचं पहिलं अक्षर ते,
होकार नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सुटले असते.
तास संपल्यावर मला थांबवून म्हणाल्या,
"रानवा, जे लिहिलंस ते मोठ्याने वाचून दाखव."
तीन शब्द.
मी चाळीस ओळींची कविता घडाघडा म्हणते.
"झो"पाशी आले आणि जीभ लाकूड झाली.
बोटांना जे जमलं होतं
ते तोंडाला जमेना.

संध्याकाळी बाबांच्या बोटीवर
मी रेडिओचं बटण दाबून बसले होते, उगाच.
"सोड ते," बाबा म्हणाले,
"दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं."
"आणि सोडलंच नाही तर?"
"तर पलीकडे कुणी बुडत असलं
तरी तुला कळायचं नाही."
ते जाळ्यातली गाठ सोडवत होते.
मला काही शिकवायचं म्हणून नाही,
विचारलं म्हणून बोलले.

माफीचा मजकूर तीनदा लिहिला, तीनदा पुसला.
पहिल्यात "गंमत" होती.
दुसऱ्यात "पण".
तिसऱ्याच्या शेवटी मी हसरा चेहरा लावला होता,
मलाच.

गुरुवारी माईक सुरू केला, सगळ्यांसमोर,
हसले होते तेही सगळ्यांसमोरच.
"होग्नी, मी वाईट वागले.
तुझं वाक्य अर्धं राहिलंय.
मला ते ऐकायचंय."

आणि बटण सोडलं.

एक.
दोन.
एवढ्यात माझी चार उत्तरं झाली असती.
तीन.
कुणीतरी खोकलं. बाईही गप्प.

खिडकी काळीच राहिली, आवाज तेवढा आला:
"आमच्याकडून बघितलं तर
धुकं कायम तुमच्या स्विनॉयवर असतं.
तुमच्याकडून कुठे दिसतं?"

मी तोंड उघडलं,
मिटलं.
कधी बघितलंच नव्हतं.
"थांब," म्हटलं, "बघून सांगते."

आणि वर्ग थांबला,
मी पडदा सारेपर्यंत,
काचेला नाक लावून उभी असलेली
ओली मेंढी हाकलेपर्यंत.