दहातलं एक मिनिट

एकशे एकोणतीस युरो.
वर डोक्यावरचा टोप चाळीसचा, हातमोजे बारा.
तारेचं रीळ फुकट, पण तळहाताएवढं.
तीन आठवडे ही जाहिरात माझ्या खिशात आहे
आणि आमची घसरखुर्ची
फिरत्या वाचनालयाच्या बसमध्ये, बालविभागाच्या फळीखाली,
डावी पट्टी मोडून आडवी पडली आहे.

सुओमुस्साल्मीहून सीमेकडच्या वस्त्या, दर मंगळवारी.
मुलं विचारतात, ही पण घरी नेता येते का?
मी म्हणतो, दुरुस्तीला आहे.
काही पुस्तकांबद्दलही मी असंच म्हणतो, वर्षानुवर्षं.

बारा वर्षांत काय काय मोडलं ते हिल्लेवीनं
कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं:
ढकलगाडीचा पाय,
सौनाच्या भट्टीचं दार, दोनदा,
टपालपेटीचा खांब (तो मीच बसनं पाडला),
आणि आता ही खुर्ची.
भागाकारही तिनंच केला.
एका सांध्याला छत्तीस युरो आणि वर थोडी चिल्लर.
"परवडेल," म्हणाली. "पण तुझा हात?"

हो, हात.
हात दाखवून अवलक्षण.
शाळेत एकदाच धरला होता वेल्डर, तेव्हा
मास्तर माझा सांधा उजेडात फिरवून म्हणाले,
कावळ्यानं यापेक्षा बरं केलं असतं.

आमचं सगळं ओइवानंच जोडलं आजवर.
पैसे कधी घेतले नाहीत. लाक्का बेरींची एक बरणी,
आणि अर्धा तास त्याचं ऐकून घ्यायचं.
खरं सांगतो, कधी कधी तो अर्धा तास
बरणीपेक्षा महाग वाटायचा.

जाहिरात कापून आमच्या टपालपेटीत टाकली तीही त्यानंच.
समासात पेन्सिलनं: घे. माझं यंत्र पोरीनं विकलं.
मी अक्षरं वाचली नाहीत आधी, कड पाहिली.
कात्रीनं पायऱ्या पायऱ्या पाडल्या होत्या.
आणि हा माणूस, ज्याला लोखंडावर सरळ रेघ ओढायला
कधी पट्टी लागली नाही.

दुकानात पेटी उचलून बघितली. हलकी निघाली,
संशय यावा इतकी.
मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरात:
पूर्ण जोरावर दहा मिनिटांत एकच मिनिट.
उरलेली नऊ मिनिटं थंड होऊ द्यावी.
विकणारा पोरगा ओशाळला.
स्वस्तात एवढंच मिळतं, म्हणाला, ती पलीकडची घ्या,
तिला थांबावं लागत नाही.

पेटी जागेवर ठेवली. बाहेर उणे एकोणीस.
घरी जायचं सोडून बस ओइवाच्या दारात गेली.

तो खिडकीशी होता,
उजवा हात डाव्यात धरून,
दुसऱ्याचं चुळबुळं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.
मी एका मिनिटाचं सांगितलं, हसेल म्हणून.
हसला नाही.
"डोळे तुझे, कान माझे," म्हणाला.
"नीट लागला तर लोण्यात मासा तळल्यासारखा वाजतो,
एकसारखी चरचर.
फटफट ऐकू आली की मी ओरडेन,
तू हात जवळ घ्यायचा."
"आणि उरलेली नऊ मिनिटं?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी बिनडोक आहे.
"कॉफी," म्हणाला.

आज सोमवार. अजून घेतलेलं नाही.
पहिला सांधा धड येणार नाही, हे ठाऊक आहे.
पट्टीवर फुगीर, काळा डाग राहील,
पोरं त्यावर बोट फिरवून विचारतील, हे काय?
राहू दे डाग. डाग दिल्याशिवाय
जोडलं तरी काय जातं?

सकाळी कॅलेंडर उलटलं तर भागाकारावर काट मारलेली,
खाली हिल्लेवीच्या अक्षरात:
टोप दोन आण.
तो नुसता कानांवर थोडाच थांबणार आहे.