दीडशे लिटर दर्या

तालुक्याच्या नावात दर्या आहे,
तेवढाच.
बाकी हातपंपाचं पाणी खारट,
डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही,
म्हणून तर माझा धंदा चालतो:
वीस लिटरचा जार, पंधरा रुपये.
खाऱ्यातलं मीठ काढून गोड विकते मी.

आणि रात्री शटर ओढून
त्याच गोड पाण्यात मीठ कालवते.
मापून. लिटरला पस्तीस ग्रॅम.
पंचफुलाबाई उशिरा जार न्यायला आली, तिनं पाहिलं.
"काढतं बी तूच, टाकतं बी तूच?
मंग आमची हीर काय वाईट होती वं?"
मला उत्तर आलं नाही.
खारटा-खारटात फरक असतो
हे सांगायला समुद्र पाहिलेला असावा लागतो,
आणि तो मीही नाही पाहिला.

दगड अकोल्याहून आले.
बारा किलो, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
थर्माकोलचा डबा एसटीत माझ्या मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, मासोया हायेत काय? वास येऊन राह्यला.
म्हटलं, दगड आहेत. जिवंत.
तो तिकीट फाडायचं विसरला.
या पट्ट्यात साधा दगड तरी कुठं दिसतो,
साठ हात खणा, काळी माती संपत नाही,
पाटा-वरवंटा परगावचा,
शेंदूर फासायला देवसुद्धा गाडीत घालून आणावा लागतो.

इद्रिसभाईंनी दुकानात सांगितलं होतं,
आधी हुंगून बघ.
समुद्राचा वास आला तर घे,
नासक्या अंड्याचा आला तर ठेवून दे.
समुद्राचा वास कसा असतो, भाई?
ते थांबले.
मग म्हणाले, नासक्या अंड्यासारखा नसतो.

सहा आठवडे काचेत नुसते दगड.
गाव येऊन पाहून गेलं.
सरपंचाच्या पोरानं नाव पाडलं, गोट्याची टाकी.
मी रोज नळीत थेंब टाकून रंग बघायची:
हिरवा म्हणजे विष,
हिरवा म्हणजे अजून विष,
पिवळा होईस्तोवर थांब.
तपकिरी बुरा चढला, उतरला.
एका रात्री बॅटरी मारली तर
दगडाच्या भोकातून केसाएवढा एक पाय बाहेर,
मग दुसरा,
मग उजेड नको म्हणून दोन्ही आत.
बिनतिकिटाचं कुणीतरी
माझ्या मांडीवरून आलं होतं.
कुणाला सांगितलं नाही.

मग मासे निवडायला गेले.
निळ्यावर जीव बसला,
इद्रिसभाई म्हणाले, ताटाएवढा होतो तो,
याला पळायला मैदान पाहिजे.
दुसरी, लुगड्याच्या काठासारखी नक्षीची,
ती जिवंत किडेच वेचून खाते,
नव्या टाकीत डोळ्यांदेखत उपाशी मरेल.
तीन पट्ट्यांचा काळापांढरा स्वस्त होता.
स्वस्त आहे, चिवटही आहे, ते म्हणाले,
पण टाकी स्वतःच्या बापाची समजतो,
मागून आलेल्याला जगू देत नाही.
तसे आमच्या गावात आहेत, म्हटलं, राहू द्या.
शेवटी दोन नारिंगी. बोटाच्या पेराएवढे.
यांचा जन्म काचेतलाच,
समुद्र ठाऊक नाही यांना.
हे मला पटलं.

आता मे. पंचेचाळीसच्या वर.
दुपारी लाईट गेली की
हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाकते,
बर्फ झालेल्या बाटल्या दोरीनं पाण्यात सोडते,
एक वितळली की दुसरी.
पंचफुलाबाई स्टूल ओढून बसते
आणि पदरानं काचेला वारा घालते,
मला शिव्या देत.
"तोंड पाय कसं करते,
जसं काई बोलून राह्यले."
काय म्हणत असतील?
"पानी खारट हाये म्हनत असतीन."

काल तिनं बोट बुडवून चाखलं.
मी थुंकायची वाट पाहत होते.
जीभ टाळ्याला लावून ती बराच वेळ बसली, मग म्हणाली,
"आपल्या हिरीचं कडू हाये वं.
हे नुसतं खारट."