दर्जा

मुहर्रकच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत,
शुक्रवारी दुपारी मी तबकड्या तपासतो.
दिव्याखाली तिरपी धरायची, बोटं फक्त कडेला.

पहिली आवृत्ती, दमदमची.
कव्हरावर चहाच्या कपाचं कडं,
मागं निळ्या शाईत 'सौ. वत्सला खांबेटे, मनामा, ७१'.
खाचांत बारीक वाळू.
आधी खरखर, मग अकरा वेळा टक्‌;
बारावी मोजली ती एसीची निघाली.
वहीत लिहिलं, 'बरी'.
'उत्तम' लिहायला हात शिवशिवत होता,
पण नियम म्हणजे नियम.

दुसरी नवी, जाडजूड, परदेशात पुन्हा काढलेली.
जासिम विकताना शपथेवर म्हणाला, एकदम कोरी.
कोरीच आहे. तंबोरा काचेसारखा.
फक्त दुसऱ्या अंतऱ्याआधी,
जिथे मैफलीत कुणीतरी खोकतं
आणि बाई अर्धी मात्रा थांबून
हसल्यासारखा सूर लावतात,
तिथे काहीच नाही.
खोकला पुसलाय.
बाई उगाचच थांबतात.

तीनदा लावून पाहिली.
वहीतला रकाना तसाच, पेनाचं टोपण दातांत.
चौथ्यांदा ती जागा आली
तेव्हा मीच खोकलो.

बाईंनी सूर लावला.