सत्तरच्या आसपास

आखाजीला मी अमळनेरला आले
ते बॅगेत दोन साड्या आणि एक फाइल घेऊन:
शॉट क्रमांक सव्वीस हजार नऊशे चार.
सहा सेकंदांचा.

एवढ्याशा सहा सेकंदांसाठी
आम्ही चुंबकांच्या कड्यात हायड्रोजन अधांतरी धरतो,
भिंतीला शिवू न देता, सोवळ्यातल्या बाईसारखा,
आणि बाहेरून मायक्रोलहरी सोडतो,
एकशेचाळीस गिगाहर्ट्झ, एका सुरात, एका रेषेत.
इलेक्ट्रॉन त्या पितात.
गाभा सूर्याच्या गाभ्यापेक्षा तापतो.
असं पुस्तकात, आणि बहुतेकदा कड्यातही.

पण या शॉटमध्ये, तिसऱ्या सेकंदाला,
सत्तरच्या आसपास कुणीतरी बोलत होतं.
आम्ही सत्तर पाठवलंच नव्हतं.

बुरांडे म्हणाला, डिटेक्टर बिघडला असेल.
उघडून पाहिला.
नव्हता.

दुपार. बाहेर पंचेचाळीस.
बोरीच्या पात्रात नुसती वाळू आणि कुणाची तरी चप्पल.
निंबाच्या सावलीत भाची ऋजुला झोक्यावर उभी,
आणि मी खिडकीतून मोजतेय. सवय.
झोका एकदा जाऊन येतो
तेवढ्यात ती दोनदा गुडघे वाकवते.
मागून ढकलायला कुणी नाही.
दोनाच्या ठेक्यावर एकाचा झोका पोसला जातो,
आधी वीतभर, मग हातभर,
मग फांदी करकरते.

एकशेचाळीसचं निम्मं किती
हे मला तिसरीपासून येत होतं.

आमचं गणित सांगायचं: भिऊ नका,
मोठी लाट फुटून दोन लेकलहरी होतात खऱ्या,
पण जन्मल्याबरोबर उताराने निघून जातात,
वाढायला त्यांना वेळच मिळत नाही.
उंबरठा फार उंच आहे, तुमची शक्ती पुरायची नाही.
गणिताने उतार गुळगुळीत धरला होता.
कड्यात मात्र एक बेट होतं,
चुंबकी रेषांचा आपल्यातच फिरणारा भोवरा,
आणि त्याच्या पोटात घनतेचा एक टेंगूळ.
लेकी त्यात अडकल्या.
इकडच्या कडेवरून तिकडे, तिकडून परत,
आणि वरून मोठी लाट पुरवतेय, पुरवतेय.
उंबरठा हजार पटींनी खाली.
शेवटी त्या एवढ्या माजल्या की त्यांनाही लेकी झाल्या,
तेव्हा कुठे वाढ थांबली.

हे सगळं मी जिजाआत्याला सांगितलं
कारण तिने विचारलं,
"तू काय करस वं दिनभर त्या डबामा?"
चार लेकी एका घरात कोंडल्या की आवाज वाढतो
एवढं तिला लगेच पटलं.
पुरणाची पोळी तिच्या तळहातावरून मनगटावर,
मनगटावरून कोपरापर्यंत पसरत गेली
आणि पालथ्या खापरावर पडली.
"आंच दिधी ते दिधी," ती म्हणाली,
"पन ती गई कोठे?"

मी गप्प.
हाच प्रश्न गेल्या महिन्यात
टाय लावलेल्या तिघांनी विचारला होता,
त्यांना मी एक आलेख दाखवला होता.
आत्याला आलेख दाखवता येईना.
तिने वाकून चुलीकडे पाहिलं:
वाऱ्याने जाळ एका अंगाला पळत होता,
खापराची कड काळी,
मधली पोळी पांढरीफटक.
तिने वाऱ्याच्या बाजूला एक वीट सरकवली,
परत बसली,
दुसरा गोळा घेतला.

रात्री फाइलमध्ये लिहिलं:
निम्मा सूर आढळला. कारण, बेटातला टेंगूळ.
मग आत्याचा प्रश्न,
इस्त्री करून, सभेत शोभेल असा.
आणि त्याखाली उत्तराच्या जागी
किती टक्के, हे अजून माहीत नाही.
वीट कुठे ठेवायची, तेही.

अंगणातून ऋजुला ओरडली,
"मावशी, अजून उंच जाऊ?"
मी आधी फांदीकडे पाहिलं.