तूस

अक्कलकोट रोड एमआयडीसी, एप्रिल, दुपारचे तीन.
पत्र्याला हात लावू नका, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.
मी उष्णतेचा हिशेब मांडतेय:
छपराची इतकी, मोटारींची इतकी,
चोवीस माग, अकरा माणसं.
माणसाचेही वॅट असतात,
उभ्याने राबणाऱ्याचे जरा जास्त.

गज्जमशेठ म्हणतात, पंखे बेतानं लावा मॅडम,
सूत वाळतं, तुटतं.
सुताला दमट हवा लागते.
आणि माणसांना?
ते खिडकीकडे बघतात.
खिडकी टॉवेलच्या गठ्ठ्यांनी बुजलेली.

वाऱ्याचा वेग मोजायचं माझं यंत्र
सकाळपासून शून्यावर अडलंय.
इरय्या कोडम हसतो,
मागाखालचं चिमूटभर तूस उचलतो,
फुंकर न घालता सोडून देतो.

तूस आधी घुटमळतं,
मग निघतं सातव्या मागावरून,
शांतम्माच्या अंबाड्याला शिवून
वर, पूर्वेच्या भिंतीला जाऊन चिकटतं.
नकाशात मी तिथे
नुसती एक जाड रेघ ओढलेली.
"हितं भोक पाडा की," इरय्या म्हणतो,
"कधीपासनं सांगायलोय."

रात्री नकाशा पुन्हा उघडते.
पूर्वेला छपरालगत झरोके.
पश्चिमेला गोणपाटाचे पडदे, वरून थेंब थेंब पाणी.
सूत ओलसर, माणसं कोरडी,
असं काहीतरी जमायला हवं.
दोन अंश अजून कुठेतरी उरतायत,
आणि पाण्याचा टँकर कुणाच्या खर्चात धरायचा
ते शेठना विचारायचंय.

केस विंचरताना कंगव्यात तूस येतं.
पंखा बंद करते,
ते तळहातावर घेते,
आणि बघत बसते
माझ्या खोलीत ते कुठे जातं.