अँकर म्हणजे नांगर

पाटोवर, बँकेच्या वरचा एसी हॉल.
रिसॉर्टने पाठवलेले आम्ही एकवीस जण:
माळी, वेटर, लॉन्ड्रीतल्या दोघी,
आणि मी, गेटवरचा सुपरवायझर,
त्याआधी अकरा वर्षं बार्जच्या चाकावर.

नेत्रा मॅडम म्हणाल्या, नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
मी नाही.
मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा
दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो,
आणि केबिनमधला नकाशा तसाच, चहाचे डाग पडलेला.

मग म्हणाल्या, मनाला ‘नको’ ऐकू येत नाही.
काय हवं ते सांगा त्याला.
इथे मात्र माझं पेन थांबलं.
सहा वर्षं झोपताना म्हणतोय,
सोयरू आठवायला नको.
सहा वर्षं तो वेळेवर येतो,
ओल्या बनियनवर,
विडी मागायला.

मग अँकर.
डोळे मिटा. भरल्या आत्मविश्वासाचा एक क्षण शोधा.
त्याला मोठा करा, उजळ करा, त्याचा आवाज वाढवा,
आणि शिगेला पोचला की
अंगठा तर्जनीवर दाबा.
उद्या मुलाखतीत, साहेबासमोर, कुठेही
बोटं दाबा, तो क्षण हजर.

मला लगेच सापडला.
कुंभारजुव्याच्या वळणावरची रात्र.
पोटात सातशे टन खनिज, भरती उतरू लागलेली,
कॅप्टन तापाने आडवा,
धुकं असं की आपलीच नाळ दिसेना.
आणि तिथे टोकावर सोयरू,
बांबूने पाणी मोजत ओरडतोय,
तीन वाव! अडीच! अडीच! दोन, सांभाळ रे!
त्या आवाजावर मी वळवलं ते सगळं लोखंड,
काठाचं एक पान न हलवता.

बोटं दाबली.
खोटं कशाला बोलू, आला तो क्षण.
खांदे आपोआप मागे गेले.

पण मॅडम, तुम्ही नांगर टाकलेलाच पाहिला असेल.
आम्ही तो ओढून काढलाय.
तो कधी एकटा वर येत नाही.
तळाचा काळा चिखल, कुजक्या जाळ्याचं टोक,
एकदा तर कुणाची तरी चप्पल.
त्याच आवाजाला लागून वर आली
ती दुसरी रात्र,
टोकावरून हाक यायची थांबली
आणि मी चाक सोडलं नाही ती.
चाक सोडायचं नसतंच.
चौकशीत सगळे असंच म्हणाले.
मीही म्हणालो.

शेवटी कार्डं वाटली. ध्येय लिहा,
वर्तमानकाळात, तारखेसकट, मोजता येईल असं.
शेजारच्या फुर्तादने लिहिलं, डिसेंबरात मी कॅप्टन आहे.
(त्यांच्यात कॅप्टन म्हणजे ऑर्डर घेणारा.)
मी लिहिलं, मार्चअखेर मी मास्टरची परीक्षा पास आहे.
खोडलं.
बराच वेळ एसीचं पाणी बादलीत पडताना ऐकलं.
मग लिहिलं:
या रविवारी मी आमोण्याला आहे,
सोयरूच्या दारात, सुकांतीसमोर.

हे मोजता येईल का? मॅडमनी वाकून विचारलं.

येईल, म्हटलं.
बस थांबते तिथून तिच्या पायरीपर्यंत
एकशे चाळीस पावलं.
नव्वदपर्यंत
मी दोनदा जाऊन आलोय.